सेमीफायनल मेजर

कुंडलच्या जोतीराम लाडांना सगळे मेजर म्हणत. फौजेतून ते निवृत्त झाले हवालदार म्हणून. पण आपल्याकडं पेन्शनीचे कागद आणि काळी पेटी घेऊन एसटीतून उतरलेला माणूस गावच्या चौकात पोचेपर्यंत मेजर होतो, त्याला सरकारी हुकूम लागत नाही. फुटबॉलवाल्या मंडळींनी त्यांच्या हुद्द्यात आणखी एक शब्द घातला होता. मेजरांची पाठ वळली की ते त्यांना 'सेमीफायनल मेजर' म्हणत. कारण मेजर ज्या संघाला हात लावत तो संघ सेमीफायनलपर्यंत सुसाट जाई, आणि तिथं असा आपटे की खेळाडूंच्या आयांनासुद्धा वाईट वाटे.

फुटबॉल त्यांच्या पायाला चिकटला तो पलटणीत. घरी ऊस होता, पण भाऊही भरपूर होते, म्हणून हे भरती झाले. तिथल्या एका सुभेदारानं पोराचं पळणं बघून त्याच्यापुढं चेंडू टाकला. पंधरा वर्षं ते पलटणीच्या बचावफळीत खेळले. पुढं पतियाळ्याला जाऊन प्रशिक्षकाची पदविका घेतली, आणि पेन्शनीवर आल्यावर गळ्यात शिट्टी अडकवून सातारा-सांगली-कोल्हापूर या पट्ट्यात फिरायला लागले.

इतर वेळी मेजरांसारखा सरळ प्रशिक्षक दिवा घेऊन शोधला असता तरी मिळाला नसता. पहाटे मैदान, रोज तोच सराव, तेच अकरा गडी, जेवायला भाकरी-अंडी आणि दहाला दिवे बंद. पोरं शिव्या घालत, पण जिंकत. मात्र बाद फेरी जवळ आली की मेजरांच्या अंगात यायचं. डोळे मोठे व्हायचे, आवाज चढायचा आणि ते एकच वाक्य सगळ्यांना सांगत सुटायचे : "प्लेऑफ येगळा असतो!" आणि प्लेऑफ वेगळा असल्यामुळं ते स्वतःही वेगळं काहीतरी करायचे.

सातारच्या एका शाळेचा संघ सेमीफायनलला गेला, तेव्हा पेनल्टीच्या आधी त्यांनी चांगला चालणारा गोलकीपर काढला आणि त्याच्याहून वीतभर उंच आहे म्हणून दुसरा घातला. उंच पोरगं सकाळपासून बाकावर बसून गारठलं होतं. पाचही पेनल्टी त्यानं अत्यंत आदरानं आत जाऊ दिल्या. कोल्हापूरच्या एका तालमीच्या संघाला त्यांनी सेमीफायनलच्या आठवड्यात ताकदीसाठी तूप आणि बदाम सुरू केले. मध्यंतरानंतर त्या संघाचे चार गडी मैदानात कमी आणि मैदानामागच्या संडासात जास्त दिसले. आणि गेल्या साली त्यांनी पोरांना 'एकाग्रतेसाठी' मोबाइल काढून घेऊन एका फार्महाऊसवर कोंडलं. पाचव्या दिवशी मधल्या फळीतला एकजण घरच्या म्हशीची आठवण काढून रडायला लागला, आणि त्याचं बघून बाकीचे.

दर वेळी मेजर हरण्याचं कारण सांगत. रेफरी, मैदान, ऊन. बायको अंजना ऐकून घेई आणि भाजी निवडता निवडता म्हणे, "आवं, सालभर देवासारखं वागता आन् शेवटच्या आठवड्यात तुमाला काय हुतंय?"

"तुला न्हाई कळायचं. प्लेऑफ येगळा असतो."

"तो येगळा न्हाई. तुमी येगळं हुता."

या वर्षी मेजर ज्या संघाचे प्रशिक्षक होते त्याचं नाव 'सांगली संग्राम'. व्यावसायिक लीग होती, आठ शहरांचे आठ संघ, आणि आठांच्याही नावात कुणी ना कुणी लढत होतं. छातीवर गर्जणारा वाघ, आणि वाघाच्या खाली प्रायोजकाची जाहिरात, ती मात्र पशुखाद्याची. संघाचे मालक ऋषिराज. त्यांच्या वडिलांची कॉलेजं होती. इतरांच्या वडिलांनी पोराला फार्महाऊस घेऊन दिलं, यांच्या वडिलांनी फुटबॉलचा संघ. ऋषिराज एकदा विलायतेत जाऊन एक सामना बघून आले होते, आणि तिथल्या गवतावर काढलेला त्यांचा फोटो संघाच्या कार्यालयात दारासमोरच लावला होता. त्या फोटोनंतर फुटबॉलमधलं त्यांना कुणी काही सांगायला जात नसे.

पावसाळाभर मेजरांनी पोरांना माधवनगरच्या अंगाला, बंद पडलेल्या एका गिरणीच्या जागेवर केलेल्या मैदानावर चिखलात लोळवलं. डावीकडून वर गेलेला गडी किती पावलांत माघारी यायचा, कॉर्नरला कोण कुणाच्या पुढं उभं राहायचं, चेंडू गेला की पहिल्यांदा कुणी धावायचं, हेच रोज, हेच परत. आटपाडीचा बिरदेव कप्तान होता. त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं, आणि बिरदेवही बचावफळीच्या मध्ये उभा राही तो कळपामागं उभा राहिल्यासारखा. अंग न हलवता सगळीकडं नजर. मेजरांच्या हाताखाली सहायक प्रशिक्षक होती सांगलीची प्रांजल. विद्यापीठाची गोलकीपर होती, आवाज खणखणीत, डोकं थंड. लीग संपली तेव्हा संग्राम तिसरे आले. पहिल्या चारांना प्लेऑफ. सेमीफायनल साताऱ्याच्या 'शिलेदारां'शी : पहिला सामना साताऱ्यात, परतीचा सांगलीत, आणि दोन्ही मिळून ज्याचे गोल जास्त तो फायनलला.

आणि आता मेजरांच्या जोडीला ऋषिराजांच्याही अंगात आलं.

पहिल्यांदा शहरभर फ्लेक्स लागले. फ्लेक्सवर ऋषिराज छातीएवढे, मेजर बशीएवढे आणि खेळाडू तिकिटाएवढे. मग नवीन जर्सी आली, सोनेरी, चकचकीत. तिच्यातून वारा आत जायचा नाही आणि घाम बाहेर यायचा नाही. मग पुण्याहून एक प्रेरणादायी वक्ते आले. त्यांनी प्रत्येक खेळाडूच्या हातात एक मडकं दिलं, त्यावर खडूनं 'भीती' असं लिहिलेलं होतं, आणि मोठ्यानं ओरडून ते फोडायला लावलं. सगळ्यांची भीती फुटली. संघाचा गोल मारणारा गडी सूरज, त्याची भीती पक्क्या भाजणीची निघाली. ती न फुटता त्याच्या अंगठ्यावर पडली आणि नख काळंनिळं झालं.

"सर, आपण काहीच बदलायला नको," प्रांजल मेजरांना म्हणाली. "पोरं व्यवस्थित खेळतायत. जुनी जर्सी द्या, झोपू द्या, आणि तोच संघ उतरवा."

"तोच संघ?" मेजरांनी तिच्याकडं कीव केल्यासारखं बघितलं. "तोच संघ उतरवायला प्रशिक्षक कशाला लागतो, पोरी? प्लेऑफ येगळा असतो."

ऋषिराजांनी टेबलावर हात मारला. "एक्झॅक्टली, मेजर! मला सरप्राइज पाहिजे."

सरप्राइज असं होतं की बिरदेव पुढं खेळणार. आठ वर्षं जो माणूस आपल्या गोलपुढनं हलला नव्हता, तो साताऱ्यात समोरच्यांच्या गोलपुढं उभा केला गेला. मेजरांचं म्हणणं, समोरच्यांना याची कल्पनाच नसेल. ते खरं होतं. पण बिरदेवलाही नव्हती. बिचारा दर मिनिटाला मागं वळून बघत होता, जनावरं मोकाट सुटल्यावर माणूस बघतो तसा. आणि ती खरंच मोकाट सुटली होती. त्याच्या रिकाम्या जागेतून शिलेदारांचे गडी असे आत यायला लागले, जसे लग्नाच्या मांडवात नातेवाईक. मध्यंतराआधी एक गोल, मध्यंतरानंतर दुसरा.

दुसऱ्या गोलला मेजरांनी बाकाशेजारचा बर्फाचा डबा लाथाडला. डब्याचं झाकण उडालं ते चौथ्या पंचाच्या नडगीवर. रेफरी धावत आला तेव्हा मेजरांनी त्याची नजर, त्याची शिट्टी आणि त्याच्या घरचं वळण या तिन्हींवर पलटणीच्या हिंदीत मत दिलं. रेफरी लखनौकडचा होता, त्याला सगळं समजलं. त्यानं शांतपणे लाल कार्ड काढलं.

शून्य-दोन. वर मेजरांवर एका सामन्याची बंदी. मैदानात यायचं नाही, ड्रेसिंग रूममध्ये जायचं नाही, फोनवरनं काही सांगायचं नाही. परतीच्या सामन्याला संघ प्रांजलच्या ताब्यात.

ऋषिराजांनी कपाळाला हात लावला. "संपलं! ऐन वेळी कॅप्टननं जहाज सोडल्यावर काय होणार?"

प्रांजलनं त्या दिवशी सरावाला पोरांना फक्त एवढंच सांगितलं, "बिरदेव, तू मागं. सूरज, तू पुढं. बाकी सगळे आपापल्या जुन्या जागी." पोरांच्या चेहऱ्यावर रंग आला. धुऊन इस्त्री केलेल्या जुन्या जर्स्या तिनं कपाटातून बाहेर काढल्या. सोनेरी जर्स्यांचं काय झालं असं ऋषिराजांनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "धुण्यात आकसल्या सर." त्या धुतल्याच नव्हत्या.

सामन्याच्या दिवशी दुपारी, मैदानाजवळ हंगामापुरत्या घेतलेल्या भाड्याच्या घरात, अंजनानं मेजरांपुढं चहा ठेवला, टीव्ही लावला आणि त्यांच्या शेजारी बसली. "गप बसून बघा. सगळं टीव्हीवर दाखवत्यात."

मेजर दहा मिनिटं बसले. मग म्हणाले, "वांगी आनतो."

"आत्ता? सामना लागायच्या टायमाला?"

"वांग्याला काय टाइम असतो का?"

पिशवी घेऊन ते निघाले. पिशवीत तांबडा पंचा आणि हिरवा टॉवेल होता. हे अंजनाला माहीत नव्हतं.

सामना गिरणीच्या त्याच मैदानावर होता, आणि मैदानाला लागून गिरणीची जुनी पाण्याची टाकी उभी होती. पाणी तिच्यात कित्येक वर्षांत नव्हतं, पण लोखंडी शिडी शाबूत होती. मेजर साठीला टेकले होते, तरी फौजेचे पाय. ते सरसर वर चढले. वरून मैदान ताटासारखं दिसत होतं. त्यांनी पोझिशन घेतली. बंदी मैदानात येण्यावर होती. टाकी मैदानाबाहेर होती. पलटणीत झेंड्याचे इशारे शिकवतात. तांबडा म्हणजे माघार, हिरवा म्हणजे आगे बढो. एवढं पोरांना समजायला हवं होतं.

सामना सुरू झाला आणि मेजर सुरू झाले. हिरवा! तांबडा! हिरवा, हिरवा! डावीकडचा बचावपटू पुढं जावा असं त्यांना फार वाटत होतं, म्हणून हिरवा टॉवेल ते अंगातली सगळी ताकद लावून हलवत होते. बिरदेवची नजर एकदा वर गेली. त्यानं डोळे चोळले, परत बघितलं आणि बाकाकडं धावत येऊन प्रांजलला म्हणाला, "ताई, टाकीवर सर हायती."

प्रांजलनं वर बघितलंसुद्धा नाही. "तिथंच असू देत. सगळ्यांना सांग, कुणीही वर बघायचं नाही."

संघानं तो हुकूम पाळला. पण तिकीट काढून आलेल्या लोकांना हुकूम नव्हता. प्रेक्षकांतल्या एकानं दुसऱ्याला कोपर मारलं. दुसऱ्यानं तिसऱ्याला. मध्यंतराला गोल एकही झाला नव्हता, पण निम्मं मैदान टाकीकडं तोंड करून बसलं होतं. म्हातारा माणूस टाकीवर चढून तांबडं फडकं हलवतोय म्हणजे त्याची काहीतरी मागणी असणार, हे आपल्याकडं शाळेतलं पोरगंही ओळखतं. कुणीतरी पोलिसांना फोन केला. कुणीतरी यूट्यूबवर बातम्यांचं चॅनेल चालवणाऱ्या पप्पूला केला. पप्पू पोलिसांच्या आधी पोचला.

दुसरा डाव सुरू व्हायला आणि पोलिसांची गाडी टाकीखाली लागायला एकच गाठ पडली. साहेबांनी भोंगा तोंडाला लावला.

"काका, खाली या! तुमची मागणी काय हाय ती सांगा. प्रशासन सकारात्मक हाय!"

मेजरांनी मैदानावरची नजर न हलवता वरूनच गर्जना केली, "लेफ्ट बॅक पुढं काढा! तास झाला बोंबलतोय मी, लेफ्ट बॅक पुढं काढा!"

साहेब शिपायाकडं वळले. "लेफ्ट बँक? ही कुठली रं? बुडालेल्यातली का?"

"आपल्याकडं कुठली बुडाली न्हाई ती सांगा साहेब," शिपाई म्हणाला.

साहेबांनी परत भोंगा उचलला. "काका, तुमी ठेवीदार हाय का? किती अडकल्यात? बँकेवर प्रशासक नेमू आपण, पण आधी खाली या!"

पप्पूनं माईक हातात घेतला, टाकी पाठीशी घेतली आणि सांगायला सुरुवात केली : "मंडळी, आपण बघताय, एका माजी सैनिकाचा, एका ठेवीदाराचा हा टाकीवरचा एल्गार..." दहा मिनिटांत ते दोन हजार लोकांनी बघितलं. त्या बुडालेल्या बँकेचं नाव खाली प्रतिक्रियांत लोकांनी आपापल्या परीनं भरलं.

शेवटी दोन शिपाई वर चढले आणि मेजरांना काखेत धरून खाली घेऊन आले. गाडी टाकीच्या मागं, कंपाउंडच्या भिंतीला लागून उभी होती. तिथनं मैदान दिसत नव्हतं. मेजर गाडीत बसले आणि इतक्यात भिंतीपलीकडनं असा आवाज उठला की झाडावरचे बगळे उडाले.

"कुणाचा?" मेजरांनी शिपायाचा दंड धरला. "गोल कुणाचा झाला?"

"आमाला ड्यूटीवर बघता येत न्हाई."

"आवं पण ऐकू येतंय न्हवं!"

"आवाज काय, सगळ्यांचा सारखाच."

थोड्या वेळानं परत आवाज झाला, पहिल्यापेक्षा मोठा. मेजर गाडीत उभे राहिले, डोकं टपावर आपटलं, बसले. साहेब बाजूला उभे राहून त्यांचं नाव, गाव आणि ठेवीचा नंबर विचारत होते. मेजर फुटबॉलचं सांगत होते. दोघांनाही दुसरा भ्रमिष्ट वाटत होता. तिसऱ्यांदा आवाज झाला तो थांबेचना. फटाके वाजायला लागले. मेजरांच्या डोळ्यांतून पाणी आलं, कारण अजूनही त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

संग्राम तीन-शून्यनं जिंकले होते. दोन सूरजनं काळ्या नखाच्या पायानं मारले, तिसरा कॉर्नरवर बिरदेवनं डोक्यानं.

पोलीस ठाण्यात मेजरांना सोडवायला ऋषिराज स्वतः पेढे घेऊन आले. पाठोपाठ पप्पू आला. तोपर्यंत टाकीवरचा म्हातारा कोण हे त्याला समजलं होतं, आणि बँकेची बातमी पुसून त्यानं दुसरी तयार ठेवली होती. ऋषिराजांनी माईकपुढं मेजरांच्या खांद्यावर हात टाकला. "हे आमचं गुपित होतं. हवाई मार्गदर्शन. जगात कुठंच नाही. मी आणि मेजरांनी मिळून हे ठरवलं होतं."

पप्पूनं माईक मेजरांपुढं केला. मेजरांचं तोंड उघडलं. टाकीकडं कुणी ढुंकूनही बघितलं नव्हतं, हे त्यांनी अर्धा डाव स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. ते सांगावं असं त्यांना वाटलंही. पण आयुष्यात पहिल्यांदा ते सेमीफायनल जिंकले होते, आणि ठाण्यातले शिपाईसुद्धा उभे राहून बघत होते.

"उंचावरनं," मेजर म्हणाले, "खेळ येगळा दिसतो."

घरी आल्यावर अंजनानं एकच विचारलं, "वांगी कुठं हायती?"

फायनल कोल्हापुरात होती, नाशिकच्या संघाशी. मेजरांची बंदी संपली होती, म्हणजे ते हक्कानं बाकावर बसू शकत होते. आणि आठवडा उजाडला तसे त्यांचे डोळे मोठे व्हायला लागले. बुधवारी त्यांनी फळ्यावर एक नवीन रचना काढली. तिच्यात गोलकीपरलाही एक बाण होता. प्रांजल आणि बिरदेवनं तो बाण बघितला, एकमेकांकडं बघितलं आणि बाहेर जाऊन बराच वेळ बोलत उभे राहिले.

आत आल्यावर बिरदेव पुढं होऊन म्हणाला, "सर, एक इनंती हाय. फायनललाबी तुमी वरच पायजे."

"वर?"

"वरनं तुमाला सगळं दिसतंय. आमाला लय आधार वाटतो."

"खाली मी बघते सर," प्रांजल म्हणाली. "तेवढं मोठं काम तुम्ही खाली बसून कसं करणार?"

ऋषिराजांना तर हे ऐकून स्वर्ग दोन बोटं उरला. दोन दिवसांत मैदानाच्या एका टोकाला लोखंडी मचाण उभं राहिलं. झेंडूच्या माळा, वर छत्री, खाली फ्लेक्स : 'हवाई प्रशिक्षक मेजर जोतीराम लाड. संकल्पना : ऋषिराज.' चढताना सनई वाजवायचं घाटत होतं, ते प्रांजलनं मोडून काढलं.

मेजर वर चढले. या वेळी खरे झेंडे होते, काठीला लावलेले. पहिली दहा मिनिटं त्यांनी ते मनापासून हलवले. खाली कुणी मान वर केली नाही. त्यांनी जोरात हलवले. बिरदेव तर त्यांच्याकडं पाठ करूनच उभा होता. हात दुखायला लागले तसे मेजर खुर्चीत टेकले, आणि दुसरं काही करण्यासारखं नसल्यामुळं सामना बघायला लागले.

डावीकडचा गडी पुढं गेला. मेजरांच्या तोंडून आपोआप "मागं" असं निघायच्या आत तो मागं आलाही, बरोबर तेवढ्याच पावलांत. नाशिकच्या मधल्या गड्यानं चेंडू घेतला आणि जवळचा पहिल्यांदा धावला, त्याच्या मागचा थांबला. कॉर्नर आला. कोण कुणाच्या पुढं उभं राहतंय ते मेजरांनी बोटानं मोजलं. सगळे आपापल्या जागी. हे त्यांना कुणी शिकवलं? त्या गिरणीच्या मैदानात, चिखलात, पहाटेच्या अंधारात? मेजरांना हे सगळं ओळखीचं होतं, एकेक हालचाल. फक्त शेवटच्या आठवड्यात त्यांनी ते कधी बघितलंच नव्हतं, कारण शेवटच्या आठवड्यात ते नेहमी ते मोडण्यात गुंतलेले असायचे.

त्यांना एकदम वाटलं, आपण मेलो आहोत आणि वरून बघतोय, आणि घरचं सगळं आपल्यावाचून नीट चाललंय. सुखाचं वाटलं, आणि थोडं वाईटही.

गोल झाला तो कॉर्नरवरच. ज्या कॉर्नरचा सराव करताना पोरांनी मेजरांच्या सात पिढ्या काढल्या होत्या, तोच. शेवटच्या मिनिटाला नाशिकच्या गड्यानं मारलेला चेंडू गोलकीपरच्या बोटांवरून सुटला आणि गोलरेषेवर पोचला. तिथं बिरदेव उभा होता. त्यानं धावाधाव केली नाही, नुसता पाय घातला. शिट्टी झाली. संग्राम विजेते.

मेजरांनी झेंडे गुंडाळून काखेत मारले आणि शिडी उतरले. खाली गर्दीत बिरदेव भेटला, अंगभर चिखल, डोळ्यांत पाणी.

"खरं सांग रं," मेजरांनी त्याला बाजूला घेतलं. "एकदा तरी वर बघितलंस का?"

"बघितलं की सर."

"कवा?"

"जिंकल्यावर."

मेजरांनी त्याच्या मानेला हात घालून त्याचं डोकं आपल्या छातीशी धरलं. त्यांच्यात तेवढंच झालं. पुढचं बोलायला वेळच मिळाला नाही, कारण जेसीबीतून गुलाल पडायला सुरुवात झाली होती आणि ऋषिराज कप घेऊन त्याच जेसीबीच्या तोंडात बसले होते.

नंतरचं मेजरांनी केलं नाही, पण थांबवलंही नाही. पुढच्या हंगामात आठांपैकी पाच संघांनी मचाणं बांधली. एकानं प्रशिक्षकाला क्रेनला टांगलं. एका संघाच्या मालकानं मचाणाची दिशा वास्तुशास्त्राप्रमाणं फिरवली, त्यामुळं त्यांच्या प्रशिक्षकाला सगळा हंगाम शेजारचं मंगल कार्यालय दिसत राहिलं. लीगनं मचाणाच्या उंचीवर नियम काढला. खाली बसून, तोच संघ रोज उतरवून जिंकता येतं का, हे मात्र कुणी करून बघितलं नाही. त्यात बघण्यासारखं काहीच नव्हतं. प्रांजलला बेळगावच्या एका संघानं मुख्य प्रशिक्षक म्हणून नेलं, आणि जाताना तिनं बिरदेवला बरोबर नेलं. सांगलीच्या फ्लेक्सवर दोघांची नावं तशीही बारीक होती.

मेजरांना आता भाषणांची आमंत्रणं यायला लागली होती. कारखान्यांचे व्यवस्थापक, पतसंस्थांचे संचालक, डॉक्टरांची संघटना, सगळ्यांना एकच ऐकायचं होतं : निर्णायक वेळी जिंकायचं कसं? पहिली काही भाषणं मेजरांनी उंची, नजर, झेंडा असं बोलून निभावली. पण अंजना एकदा भाषणाला आली आणि पहिल्या रांगेत बसून त्यांच्याकडं असं बघत राहिली की त्यांना घाम फुटला. त्यामुळं पाचगणीच्या एका हॉटेलात, टाय लावलेल्या शंभरेक व्यवस्थापकांपुढं, मेजरांनी ठरवून टाकलं की आज खरं बोलायचं. अंजनालाही मुद्दाम बरोबर आणलं.

"मंडळी," मेजर म्हणाले, "सरळ सांगतो. त्या दोन सामन्यांत मी काईच केलं न्हाई. माझ्याकडं कुनी बघितलं न्हाई. मला मधनं काढला म्हणून पोरं जिंकली. सालभर जे केलं तेच त्यांनी केलं. मी असतो तर घोळ घातला असता."

मेजरांच्या छातीवरनं ओझं उतरलं. त्यांनी अंजनाकडं बघितलं. तिनं हसून मान हलवली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण अशी मान तिनं क्वचित हलवली होती.

मग टाळ्यांचा कडकडाट झाला. माणसं उभी राहिली. अध्यक्षांनी भारावून माईक घेतला. "केवढी नम्रता! आणि केवढा मोठा सिद्धांत! नेतृत्व म्हणजे काहीच न करण्याची कला! हे आपण सर्वांनी कंपनीत राबवलं पाहिजे."

"आवं, कला न्हवं..." मेजर म्हणाले, पण माईक आता त्यांच्याकडं नव्हता.

दुसऱ्या रांगेतला एक तरुण व्यवस्थापक टॅबलेट मांडीवर घेऊन उठला. "सर, फार उपयोगी सत्र. फक्त एक विचारायचंय. ही जी काहीच न करण्याची पद्धत आहे, तिचे साधारण किती टप्पे आहेत?"

शंभर टाय मेजरांकडं वळले. माईक परत त्यांच्या हातात आला. मेजरांनी अंजनाकडं बघितलं, मग त्या सगळ्या वाट बघणाऱ्या चेहऱ्यांकडं. त्यांचे डोळे हळूहळू मोठे व्हायला लागले.

"पाच," मेजर म्हणाले.

अंजना उठली, पर्स घेतली आणि स्ट्रॉबेरी बघायला बाजारात निघून गेली.